काका की मामा

सगळा घोळ एका फ्रेंच शब्दाने घातला. "रविवारी तोंतों येतोय लग्नाची बोलणी करायला," असा इब्रा ज्योपचा निरोप रोखायाच्या फोनवर आला, तिने तो स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकवला आणि कीनेआत्याने खुशीत टाळी वाजवली. फ्रेंचांना बापाचा भाऊ काय नि आईचा भाऊ काय, दोन्ही सारखेच. तोंतों म्हटलं की काम झालं. आमच्याकडे काका वेगळा आणि मामा वेगळा. काकाचं आडनाव आपलं, मामाचं दुसऱ्या घरचं. पण शिकलेली पोरं हल्ली तोंतोंच म्हणतात आणि आपण फार नाजूक बोललो असं त्यांना वाटतं.

रोखायाला माहीत होतं की येणारा मामा आहे. आत्या मात्र काका समजून बसली. मुलगा ज्योप, तर काका ज्योप. आणि मुलीकडचे न्जाय! आता न्जाय आणि ज्योप समोरासमोर आले की काय होतं हे आमच्या न्दार गावात कोणाला सांगायला नको. न्जायने ज्योपला गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, भाताचा चोर म्हणायचं. ज्योपने ते व्याजासकट परत करायचं. रागवायची कोणाला मुभा नाही. उलट शिव्या पडल्या नाहीत तर पाहुणा घरी जाऊन सांगतो, मला परक्यासारखं वागवलं. पण हेच शब्द भलत्या आडनावाच्या माणसाला गेले, तर तो दारात चप्पल शोधायला लागतो.

आत्या आठवडाभर शिव्यांची तयारी करत होती. रोखायाने ती तयारी ऐकली, पण तिला वाटलं हा सगळा प्रसाद इब्रासाठी आहे. इब्रा तर अस्सल ज्योप. ती हसत हसत कामाला निघून गेली.

रविवारी सकाळपासून अस्तूचा जीव चुलीवर होता. अस्तू म्हणजे रोखायाची आई. मासा तिने पहाटे बंदरावर जाऊन स्वतः निवडला होता. चांगला गलेलठ्ठ चोफ, पोटात हिरवं वाटण भरलेला. कोबी, गाजर, कसावा, वांगं, सगळं रश्शात शिजून बाहेर निघालं होतं आणि त्याच रश्शात आता भात वाफेवर होता. सून म्हणून ती या घरात आली तेव्हापासून तिच्या भातावर शेवटचा शब्द कीनेआत्याचा. आजही आत्या झाकण उघडून उभी होती.

"मीठ?"

"घातलंय, वन्सं."

"चिंच?"

"घातलीय."

"मग हा वास का येत नाहीये?"

"तुम्ही झाकण उघडून ठेवलंय म्हणून सगळा अंगणात गेलाय," अस्तू म्हणाली.

आत्याने झाकण आपटलं. गच्चीवरच्या खोलीवरून झालेल्या भांडणानंतर दोघी एवढंच बोलत. रोखाया मध्ये उभी राहून लसूण सोलत होती आणि दोघींच्या बाजूने हो म्हणत होती.

गाडी थांबल्याचा आवाज आला. इब्रा उतरला. तो नवरा मुलगा म्हणून आला नव्हता, कारण मागणी घालायला नवरा मुलगा येत नाही. तो ड्रायव्हर म्हणून आला होता आणि तसंच तोंड करून चालत होता. त्याच्यामागून उंच, सडसडीत म्हातारा उतरला. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा झब्बा, हातात मागणी घालताना द्यायच्या कोलाच्या बियांची पिशवी. रुफिस्कच्या शाळेत तो हेडमास्तर होता हे त्याच्या मानेवरूनच कळत होतं.

रोखायाच्या बापाने, मासाम्बाने, पुढे होऊन सलाम केला. "या या. शांती आहे ना घरी?"

"शांतीच आहे."

"पोरंबाळं?"

"शांतीत."

हे अजून बराच वेळ चाललं असतं, पण आत्याला धीर नव्हता. ती अंगणाच्या मधोमध आली, कमरेवर हात ठेवले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली.

"अरे, आला का रे गुलामा! मालकाच्या दारात सरळ मान करून येतोस? वाक जरा! मुलगी मागायला आलास की भाताचा वास लागला रुफिस्कपर्यंत? अस्तू, पातेल्याला कुलूप घाल! हा माझ्या बापाच्या गोठ्यातला माणूस, याच्या आज्याला आम्ही दोन टोपल्या मक्यावर विकत घेतला होता, आणि मका परत मागायला हवा होता!"

शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी हसलं. मासाम्बाही हसला. इब्रा हसला नाही. त्याने डोळे मिटून घेतले.

म्हाताऱ्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बाई," तो हळू म्हणाला, "माझं आडनाव गेये. माकुम्बा गेये. मी या मुलाचा मामा."

शेजारच्या गच्चीवर लगेच शांत झालं. बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोचायला एवढी शांतता पुरे होती.

"मामा?" आत्या म्हणाली.

"याचे काका गुडघ्याने आजारी आहेत. याचा बाप गेल्यापासून हा माझ्याकडेच वाढला."

"मला वाटलं तुम्ही ज्योप."

"ज्योप असतो तर बरं झालं असतं," गेये मास्तर म्हणाले आणि वहाणा काढून आत आले. दारातून माघारी फिरणं त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं. पण बसताना ते मासाम्बाला म्हणाले, "जेवण झालं की आम्ही निघू. बोलणी काय, पुन्हा केव्हातरी." कोलाची पिशवी त्यांनी मांडीखाली सरकवली.

*

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोखायाने सगळं ऐकलं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिचे ओठ पांढरे पडले.

खरं सांगायचं तर अस्तूला पहिल्या क्षणी बरं वाटलं. इतकी वर्षं ही जीभ तिने सोसली होती. आज ती जीभ भर अंगणात तोंडघशी पडली. पण मग तिने लेकीचं तोंड पाहिलं आणि ते बरं वाटणं तिथेच विरून गेलं. तिने पाणी न्यायला आलेल्या इब्राची बाही धरून त्याला आत ओढलं.

"मामाची आई कोण?"

"माझी आजी? सार होती."

सार उपयोगाची नव्हती. न्जाय आणि सार यांच्यात थट्टेचं काही नातं नाही.

"त्यांची बायको?"

"म्बेंग."

"बायकोची आई?"

"मावशी, मला नाही माहीत. थियाम असावी."

"असावी म्हणजे काय? एवढी वर्षं खाल्लंस तिच्या हातचं!" अस्तू ओरडली. "एकसुद्धा ज्योप नाही तुमच्यात? लांबचा? मेलेला?"

"मीच आहे," इब्रा म्हणाला.

"तू काय कामाचा! तुला गुलाम म्हटलं असतं तर कोणी विचारलं असतं?" अस्तूने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "आणि तोंतों म्हणे! मामा म्हणायला जीभ झिजते?"

इब्रा रोखायाकडे बघायला धजला नाही. "मामा माणूस वाईट नाही," तो जाता जाता म्हणाला. "पण माझ्यादेखत त्याला गुलाम म्हटलं. तो आता उठला तर परत बसायचा नाही."

परात भरली. भात पसरला, वर भाज्या रचल्या, मध्ये चोफ. अस्तूने ती स्वतः उचलून नेली आणि चटईवर ठेवली. भोवती गेये मास्तर, मासाम्बा, इब्रा आणि कीनेआत्या. साठी ओलांडलेल्या बाईला पुरुषांच्या परातीत बसायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि लागली असती तरी आत्याने मागितली नसती. इब्रा सगळ्यांत लहान, म्हणून परातीची कड डाव्या हाताने धरून ठेवायचं काम त्याच्याकडे.

आत्याने माशाचा पोटाकडचा भाग मोडला, काटे काढले आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. मग कोबी. मग गाजर. मग आणखी मासा. आमच्याकडे पाहुण्याने आपल्या समोरचंच खायचं असतं, आणि त्याच्या समोर काय यावं हे वाढणारीच्या बोटांवर असतं. मास्तरांच्या पुढे ढीग झाला. ते भाताचे लहान लहान घास घेत होते आणि ढिगाला हात लावत नव्हते.

"घ्या ना, मास्तर. काही खातच नाही तुम्ही."

"खातोय."

"मासा ताजा आहे."

"दिसतंय," मास्तर म्हणाले. "पण लोक म्हणतील, भाताच्या वासाने आला होता."

मासाम्बाच्या घशात दाणा अडकला. मास्तरांनी आणखी चारदोन घास घेतले, बोटं निपटली आणि म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह. पोट भरलं."

एवढ्या अन्नावर तर मांजरही उठलं नसतं. पाहुणा न जेवता उठला ही गोष्ट या घरात कधी घडली नव्हती.

पण मास्तर अजून बसून होते, कारण त्यांचा ड्रायव्हर जेवत होता. परात धरणारा सगळ्यांच्या शेवटी उठतो. इब्राने हे ओळखलं आणि तो भाताचा एकेक दाणा तोंडात घालू लागला. तो दाणा चावायचा, गिळायचा, थोडा विचार करायचा, मग पुढचा घ्यायचा.

"आटप रे," मामा म्हणाले.

"खरवड यायचीय अजून," इब्रा म्हणाला.

"आणते," असं म्हणून कीनेआत्या उठली. तिच्यामागून मासाम्बाही उठला.

*

आत्या पातेल्याच्या तळाशी लागलेली खरवड डावाने खरवडत होती. गरजेपेक्षा जास्त जोर लावून.

"माफी मागते," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "अजून काय करू? पाय धरू?"

"माफी मागितलीस तर ती शिवी खरी ठरते," मासाम्बा म्हणाला. "तू दिलीस, त्यांनी माफ केली, पण दिलीस ती दिलीसच. नातं निघालं तरच ती थट्टा होते."

"मग काढ नातं! सार, म्बेंग, थियाम, सगळं करून झालं ना तुमचं?"

मासाम्बाने दार लोटलं. "ताई, आपण त्यांच्या बाजूने शोधतोय. गेयेंना शिव्या द्यायचा हक्क कोणाचा?"

उत्तर त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. गेये आणि सेक. शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. अस्तूने नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"आपली आई सेक होती," मासाम्बा म्हणाला.

डाव थांबला.

या घरात ते नाव घेत नसत. आदा सेकने, नवऱ्याने दुसरी बायको आणली त्या वर्षी, एक बोचकं बांधलं आणि ती लूगाला माहेरी निघून गेली. पुढे तिने तिथे दुसरं लग्न केलं. मागे राहिली चौदा वर्षांची कीने आणि तिच्या कडेवर मासाम्बा. कीनेने त्याला वाढवलं, सावत्र आईशी भांडली, बापाचं घर सांभाळलं, आणि कोणी विचारलं की तू कोण, तर एकच सांगितलं, न्जाय. आईकडून कोण, असं विचारायची हिंमत गल्लीत कोणाला नव्हती.

"मी न्जाय आहे," ती आता म्हणाली. "डोक्यापासून नखापर्यंत."

"हो ताई, पण..."

"तिने मला टाकलं तेव्हा तिचं नाव सोबत घेऊन गेली. मला नको म्हणून मी मागितलं नाही. आता ते नाव भर चटईवर मिरवू? एका मास्तराने मासा खावा म्हणून?"

अस्तूला बोलायचं होतं. माझ्या पोरीचा संसार आहे, मासा नाही, असं तिच्या अगदी ओठांवर होतं. पण रोखाया आधी बोलली. तिने आत्याच्या हातातून डाव घेतला.

"आत्या, राहू दे," ती म्हणाली. "ते नाव नको घेऊस तू. इब्रा बघेल काय ते. नाही जमलं तर नाही जमलं."

तिचा आवाज शेवटी कापला, पण तिने वाक्य पुरं केलं आणि ती पाठ फिरवून खरवड बशीत काढू लागली.

आत्या तिच्या पाठीकडे बघत राहिली. कोणी हट्ट केला असता, रडलं असतं, पाया पडलं असतं, तर तिला भांडता आलं असतं. भांडायला ती कधीच तयार होती. पण ही पोर तिची बाजू घेऊन उभी राहिली होती आणि त्यापुढे काय करायचं हे आत्याला येत नव्हतं. अस्तूने पदराने तिच्या कपाळावरचा घाम टिपला. इतक्या वर्षांत अस्तूने तिला असा हात लावलेला नव्हता आणि आत्याने तो झटकलाही नाही.

"त्या बशीत वरून लिंबू पिळ," आत्या शेवटी म्हणाली. "कोरडी खरवड पाहुण्याला देतात का?"

*

बाहेर इब्राची कमाल झाली होती. त्याच्या पुढ्यात भाताचे अकरा-बारा दाणे उरले असतील, आणि मास्तर उठायच्या बेतात एक हात जमिनीवर टेकून बसले होते. आत्याने बशी ठेवली आणि ती त्यांच्या समोरच मांडी ठोकून बसली.

"बसा, मास्तर. मी मघाशी शिव्या दिल्या त्या न्जाय म्हणून दिल्या. तो माझा हक्क नव्हता."

"झालं ते झालं, बाई."

"नाही झालं. मला पुरं बोलू द्या." तिने घसा साफ केला. तिच्यासारख्या बाईला आवाज शोधावा लागतोय हे बघून मासाम्बाने मान खाली घातली. "माझी आई सेक आहे. लूगाची आदा सेक. मी तिची थोरली लेक. ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतेय. आता बोला, गेये. तुम्हाला गुलाम म्हणायचा हक्क मला आहे की नाही?"

खिडकीत अस्तू आणि रोखाया एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. मास्तरांनी आत्याकडे नीट पाहिलं. एवढं एक नाव उच्चारायला या बाईला किती जड गेलं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण आयुष्यभर पोरांची तोंडं वाचलेला माणूस होता तो.

त्यांनी जमिनीवरचा हात उचलला.

"सेक?" ते म्हणाले. "सेकची पोर मला गुलाम म्हणाली? मला?" त्यांचा आवाज चढत गेला आणि हेडमास्तर कुठल्या कुठे पळाला. "अगं ए भाताच्या पोत्या! तुझ्या पणज्या गेयेंच्या अंगणात शेणी थापत होत्या, आणि त्यासुद्धा वाकड्या! सेकच्या घरचं म्हणूनच मी म्हटलं, हा मासा एवढा काटेकोर का वाढलाय! सरकव इकडे ते डोकं! गाल मला पाहिजे, आणि तुझा हात लागण्याआधी पाहिजे!"

"घे, खादाडा!" आत्या म्हणाली. "काटा अडकला तर पाठीत बुक्की मालकीणच घालेल!"

गच्चीवरचे शेजारी परत हसू लागले. मास्तरांनी हात पुन्हा धुतला, बाही वर सारली आणि समोरचा ढीग असा काही संपवायला घेतला की अस्तूला दुसरी परात भरायला धावावं लागलं. इब्राने कड सोडली, हात झटकला आणि त्याची बोटं सुजल्याचं रोखायाला खिडकीतून दाखवलं. कोलाची पिशवी मांडीखालून निघून चटईवर आली.

"मुलगी दिली?" मास्तरांनी भरल्या तोंडाने विचारलं.

"दिली," मासाम्बा म्हणाला.

"दिली, पण फुकट नाही," आत्या म्हणाली.

"ऐका, माझीही एक अट आहे." मास्तरांनी एक काटा काढून बाजूला ठेवला. "ही बाई अर्धी न्जाय आहे. अर्ध्या सेकला शिव्या घालून माझं पोट भरत नाही. लग्नाच्या दिवशी मला पुरी सेक समोर पाहिजे. आई आहे ना, बाई? शांतीत आहे ना?"

हा प्रश्न आम्ही दिवसातून कितीदा विचारतो. त्याचं उत्तर विचार न करता येतं. आत्याने ते द्यायला तोंड उघडलं आणि तिला काही बोलताच आलं नाही. खरंच, आई शांतीत आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

"आहे," मासाम्बा म्हणाला. "पाय सुजतात जरा. दात गेलेत. कान मात्र माझ्यापेक्षा चांगले."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. अस्तू परात घेऊन दारातच थबकली. तिलाही हे माहीत नव्हतं.

आत्या माशाचा तुकडा मोडत होती. तिने वर पाहिलं नाही. तुकड्यातला बारीक काटा काढला, तो बाजूला ठेवला, तुकडा भावाच्या पुढ्यात सरकवला.

"हा माझा भाऊ, मास्तर, कित्येक वर्षं दर महिन्याला लूगाला शेळ्या बघायला जातो," ती म्हणाली. "अजून एक शेळी घरी आली नाही."

मासाम्बाचा हात परातीतच राहिला. "ताई, तुला माहीत होतं?"

"शेळीसाठी कोणी मऊ पाव आणि अंगाला लावायचं तेल घेऊन जातं का रे?" तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसलेही नाहीत. "जेव आता. आणि या खेपेला गाडीत दोन जागा धर. मलाही शेळ्या बघायच्यात."